खिळ्यांच्या दुकानातली उपासना

दुकानाच्या फरशीवर दोन समांतर चर पडले होते. दाराजवळ सुरू होऊन ते मागच्या भिंतीकडे जात आणि भिंतीच्या वीतभर अलीकडे थांबत. बोट फिरवलं तर जाणवावेत इतपतच खोल. नुसत्या डोळ्यांना दिसतीलच असं नाही. सकाळी ऊन तिरपं आत आलं की चरांच्या एका कडेला बारीक सावली धरायची, आणि ऊन वर चढलं की ते नाहीसे व्हायचे. नीट पाहिलं तर डावा चर उजव्यापेक्षा किंचित खोल होता. चरांवरून सरकणाऱ्या रॅकच्या डाव्या अंगाला खिळ्यांचे खण होते, उजव्या अंगाला कड्या-कोयंडे. खिळे जड.

हे चर एका दिवसाचे नव्हते. दर शनिवारी संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की चर्चच्या मंडळीतली माणसं एकेक करून वाकून आत शिरायची आणि चाकं लावलेले रॅक ढकलत भिंतींना नेऊन लावायची. मधली जागा मोकळी झाली की घडीच्या खुर्च्या मांडायच्या. रविवारी सकाळी तिथे उपासना व्हायची आणि संध्याकाळपर्यंत रॅक पुन्हा जागेवर. सोमवारी गिऱ्हाईक यायचं ते थेट बिजागऱ्यांपाशी जाऊन उभं राहायचं. काल त्याच जागी कुणी गुडघे टेकले होते, हे त्याच्या गावीही नसायचं.

प्रत्येक घराचा रॅक ठरलेला होता. त्यामुळे हळूहळू मंडळीत माणसं रॅकच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. बिजागरीवाले, रंगवाले, नळवाले. रंगवाल्यांची मुलगी नळवाल्यांच्या घरात दिली, तेव्हा मंडळीचे पाळक लग्नाच्या प्रवचनात म्हणाले होते, "आता या घरात गळती झाली तरी भिंत रंगवायला माणूस बाहेरून आणायला नको." सगळ्यात जास्त हसली होती ती नवरीच.

दुकान अण्णांच्या मालकीचं होतं आणि चालवत होती त्यांची सून. बाजारात तिला सगळे वहिनी म्हणत. ज्याच्यामुळे ती वहिनी झाली तो अण्णांचा मुलगा जाऊन बरीच वर्षं लोटली होती, पण हाक राहिली होती. तो गेला तेव्हा तिला खिळा आणि स्क्रू यांच्यापलीकडे काही कळत नव्हतं. दुकान बंद पडू नये म्हणून ती काउंटरवर बसली आणि बसता बसता दुकान तिच्या अंगात भिनलं. गिऱ्हाईक दोन्ही हात पसरून "एवढं दार आहे" म्हणालं की ती त्याचे हात न पाहता चेहरा पाहायची. माणूस घाईत असला तर दार नेहमी खऱ्यापेक्षा मोठं सांगतो, हे तिला अनुभवाने कळलं होतं.

अण्णांना बाजाराने ठेवलेलं नाव होतं बघूअण्णा. कारण उघड होतं. खिळे मोजायचे तर ते तीनदा तोलत. पहिल्यांदा गिऱ्हाइकासाठी, दुसऱ्यांदा स्वतःसाठी, आणि तिसऱ्यांदा का, ते कुणी विचारलं नव्हतं. पाऊस पडेल का, विचारलं तरी "बघू." मुलीला कुठलं स्थळ पसंत आहे, "बघू." असं म्हणत की त्यांच्या स्वतःच्या लग्नात विधीच्या वेळी पाळकांनी "ही तुम्हाला पत्नी म्हणून मान्य आहे का" असं विचारलं, तेव्हाही एक क्षण सगळ्यांना वाटलं होतं, आता हे 'बघू' म्हणणार.

असा माणूस आयुष्यात एकदाच विचार न करता बोलला, आणि नेमकं तेच बोलणं सगळ्यात मोठं ठरलं. रस्ता रुंद करताना मंडळीचं जुनं चर्च पाडलं गेलं. ढिगाऱ्यासमोर सगळे उभे असताना अण्णा म्हणाले, "माझं दुकान आहे ना. ते मंडळीचंच समजा." शब्द गेला. बाण परत भात्यात घालता येत नाही म्हणतात, तशातली गत.

तरी दुकान आणि उपासना ही जोडी छान चालली होती. एकदा भर प्रार्थनेत एक माणूस नळाचा वायसर मागायला आला, शेवटच्या खुर्चीवर बसून राहिला, आणि उपासना संपल्यावर वायसर घेऊन गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. या खेपेला त्याला वायसर नको होता.

घोळ घातला तो पाळकांनी, आणि तोही त्यांच्या सरळपणापायी. पाळक म्हणजे उंच, सडपातळ, रॅकला धक्का लागला तरी त्याला "माफ करा" म्हणणारा माणूस. त्यांच्या मनात आलं, दाराशेजारी एक हातभर पाटी लावावी: इथे रविवारी उपासना होते. त्या बाजारात दुकानदारांनी पाट्यांवर पाट्या चढवल्या होत्या. एका पाटीमागे तर एक अख्खी खिडकी गडप झाली होती. परवानगी कुणी कधी घेतली नव्हती. पाळक मात्र स्वच्छ शर्ट घालून नगरपालिकेत गेले आणि पाटी किती मोठी चालेल, असं विचारून आले.

"कसली पाटी?" तिथल्या कारकुनाने विचारलं.

"उपासनेची."

"कुठे होते उपासना?"

पाळकांनी आनंदाने पत्ता सांगितला. आठवड्याभरात पाहणीला माणूस आला आणि पाठोपाठ नोटीस.

नगरपालिकेच्या नकाशावर तो सगळा रस्ता निळा होता. निळा म्हणजे बाजार. तळमजल्यावर दुकानच हवं, दुसरं काही चालायचं नाही. प्रार्थनेच्या जागांना पिवळा रंग. निळ्या जागेत उपासना चालणार नाही, हा नियम. आणि जागा पिवळी झाली की तिथे एक खिळाही विकायचा नाही, हाही नियम. शेवटी मंडळीने रीतसर अर्ज केला: ही एवढी एक जागा निळ्याची पिवळी करा. तोवर उपासना बंद. लोक पाळकांच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसू लागले, आणि खोल्यांत मावेनात ते जिन्यावर.

अर्जावर मालकाची संमती लागते, आणि ती सुनावणीत तोंडी द्यावी लागते. पहिल्या सुनावणीत नगररचना अधिकारी बाईंनी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "बघू." दुसऱ्या सुनावणीत विचारलं. तेव्हाही तेच. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, "तिसरी शेवटची. त्या दिवशी मालकाने हो म्हटलं नाही, तर अर्ज निकाली काढला जाईल. मग काही वर्षं पुन्हा करता येणार नाही."

वहिनीला कुणी काही विचारलं नव्हतं. तीही कुणाला काही बोलली नव्हती. सुनावणी पुढे गेली की तिचं दुकान तेवढे दिवस चालू राहायचं, इतकं मात्र तिला नीट कळत होतं.

तिसऱ्या सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी पाळक खडू घेऊन दुकानात आले.

"अर्धं-अर्धं करता आलं तर?" ते म्हणाले. "पुढे दुकान, मागे आम्ही. मी त्या बाईंना विचारून आलो."

"पुन्हा विचारायला गेलात?" वहिनी म्हणाली. "तुम्हाला नगरपालिकेच्या दारात उभंच करायला नको."

"या वेळी काही बिघडलं नाही," पाळक ओशाळून म्हणाले. "त्या म्हणाल्या, होईल. फक्त दोन अटी. इतकी माणसं बसणार म्हणजे सभागृहातून थेट रस्त्यावर यायला रुंद वाट हवी. आणि मध्ये पक्की भिंत."

मागच्या बाजूला दुसऱ्याच्या घराची भिंत होती, तिकडून वाट निघणं शक्य नव्हतं. म्हणजे वाट दुकानातूनच जाणार. दोघांनी मिळून खडूने फरशीवर आखायला सुरुवात केली. आधी वाट. मग तिच्या कडेने भिंतीची जाडी. पाळक रेघ ओढायचे आणि वहिनी ती पुसून सरळ ओढायची. आखून झाल्यावर डाव्या भिंतीलगत जो पट्टा उरला, त्यात ती जाऊन उभी राहिली. एक रॅक तिने ओढून आत घेतला. रॅक बसला, पण मग ती त्याच्यामागे अडकली.

"गिऱ्हाईक आत आलं तर मला बाहेर जावं लागेल," ती म्हणाली.

"आणि दोन आली तर?"

"तर एकाला तुमच्याकडे उपासनेला बसवावं लागेल."

"ते चालेल," पाळक म्हणाले आणि दोघंही हसली. हसू ओसरल्यावर पाळक खडू बोटांत फिरवत उभे राहिले. "वहिनी, तुम्हाला काय हवंय, ते एकदा मला सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

"तुम्ही? कुणाला सांगणार नाही?"

"बरं, सांगेन बहुतेक. पण तरी सांगा."

"अण्णा ठरवतील ते."

"मंडळीत सगळे हेच म्हणतात. आणि अण्णांना विचारावं, तर ते म्हणतात..."

"बघू," दोघं एकदमच म्हणाली.

पाळक गेल्यावर तिने फडकं ओलं करून खडूच्या रेघा पुसल्या. भिंतीची रेघ लवकर गेली. वाटेची जरा घासावी लागली.

दुपारी समोरचा काचवाला रस्ता ओलांडून आला. त्याचा गाळा अगदी समोर, तिच्या दुकानाच्या निम्म्याहून लहान. त्याला आता तो सोडून लेकीकडे राहायला जायचं होतं. हात थरथरू लागल्यापासून मोठी काच तो कापत नसे. आरसे आणि तसबिरींच्या काचा तेवढ्या विकायचा.

"उद्या मी हरकत घेणार बरं का," तो स्टुलावर टेकत म्हणाला. "राग मानू नकोस."

"राग कशाला? तुमच्या हरकतीने माझाच फायदा आहे."

"तेच म्हणतो मी! आणि तू साधे आभारही मानत नाहीस." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "माझ्या गाळ्याचं काय ठरवलंस?"

"विचार करते आहे."

"कधीपासून करतेयस. विचार करता करता काच जुनी होत नाही, माणूस होतो."

"लहान आहे हो गाळा."

"लहान आहे म्हणून म्हणतेस की दुसरं काही आहे?"

गाळा लहान होता हे खरंच, पण रॅक दोन रांगांत लावले आणि रंगाचे डबे माळ्यावर चढवले तर तिथे सगळं बसलं असतं. हे तिने मनातल्या मनात केव्हाच मांडून पाहिलं होतं. अडचण मापाची नव्हती. इथे काउंटरवर बसली तरी ती अण्णांची सून होती. दुकान बुडालं तर घरचं बुडालं असतं, चाललं तर घरचं चाललं असतं. समोर गेली तर वर पाटी तिच्या नावाची लागणार. बुडालं तर तीच बुडाली, असं लोक म्हणणार. शिवाय म्हातारपणी सासऱ्याला सोडून गेली, हे म्हणायला कुणी पैसे घेत नाही.

"विचार करते," ती पुन्हा म्हणाली.

"कर, कर," काचवाला उठत म्हणाला. "त्या म्हाताऱ्याची सून शोभतेस."

तो रस्ता ओलांडतो न ओलांडतो तोच नणंद आली. नणंदेचा आवाज मंडळीत सगळ्यात उंच, गाण्यातही आणि भांडणातही. ती बिजागरीवाल्यांकडे दिलेली होती. आल्या आल्या तिने आपला रॅक हलवून पाहिला आणि मग तोंड उघडलं.

"काय गं वहिनी, किती दिवस मूग गिळून बसणार आहेस?"

"मी काय केलं वन्सं?"

"काही केलं नाहीस, तेच केलंस. अण्णांचा शब्द अडकलाय तो तुझ्यापायी."

"मी त्यांना एका शब्दाने बोललेली नाही."

"तेच तर! बोलली असतीस, रडली असतीस, दोन भांडी आपटली असतीस, तर त्यांनी इकडचं किंवा तिकडचं काहीतरी ठरवलं असतं. तू गप्प म्हणून ते गप्प. तुम्ही दोघं गप्प बसा, आणि आम्ही तिकडे पाळकांच्या जिन्यावर बसून गाणी म्हणतोय. खालचा शेजारी झाडूने छत ठोकतो."

"तालात तरी ठोकतो का?"

"नाही गं, तेच तर दुःख आहे," नणंद म्हणाली आणि तिला हसू आलं. मग हसू आलं याचा राग आला. तिने पदराने कपाळ पुसलं. "हे बघ. तुझं दुकान जावं असं मला वाटत नाही. पण माझ्या सासूबाईंना जिना चढवत नाही. गेले कित्येक रविवार त्या घरी एकट्या बसतात. काल मला म्हणाल्या, तुझ्या बापाने शब्द दिला होता ना? मी काय सांगू त्यांना?"

वहिनीला त्या सासूबाई माहीत होत्या. दर शनिवारी त्या रॅक ढकलायला यायच्या नाहीत, पण रॅकला एक हात लावून बरोबर चालायच्या. जणू त्यांच्याच जोरावर तो चालला होता.

"उद्या बघ काय होतं ते," नणंद म्हणाली आणि दारातून वळली. "आणि आमच्या रॅकच्या चाकाला तेल घाल. कुरकुरतंय."

संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं. अण्णा तराजूपाशी बसून दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना द्यायच्या खिळ्यांच्या पुड्या बांधत होते. वहिनीने खण आवरले, फडकं मारलं, आणि जे कित्येक महिने विचारलं नव्हतं ते विचारलं.

"अण्णा, उद्या काय सांगणार आहात?"

अण्णांनी पारड्यात एक खिळा टाकला. काटा मध्यावर आला. त्यांनी तो खिळा काढून घेतला आणि दुसरा टाकला, जणू खिळ्याखिळ्यात फरक असतो.

"त्या बाई म्हणाल्यात, उद्या उत्तर नाही मिळालं तर संपलं," ती म्हणाली.

"ऐकलंय मी."

"मग?"

"बघू," अण्णा म्हणाले.

वहिनीने हातातला खण जोरात आत लोटला. आतले स्क्रू खणखणले. एवढा आवाज तिने त्या दुकानात कधी केला नव्हता. अण्णांनी मान वर केली नाही. पुडीला दोरा गुंडाळत, नेहमीच्याच आवाजात ते म्हणाले, "खालच्या खणातले लांब स्क्रू संपत आलेत. जास्तीचे मागवून ठेव. वर्षभर पुरतील एवढे."

ती शटर ओढायला वळली होती, ती तशीच थांबली. बंद होणाऱ्या दुकानासाठी कुणी वर्षभराचे स्क्रू मागवत नाही. म्हणजे उद्या काय बोलायचं ते अण्णांनी ठरवलं होतं. किंवा काय बोलायचं नाही ते. तिला बरं वाटायला हवं होतं. घरी जाईपर्यंत ती बरं वाटण्याची वाट पाहत राहिली.

सुनावणीची खोली नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, बाकांच्या दोन ओळी, भिंतीवर शहराचा नकाशा. मधोमध निळा पट्टा, आणि त्यात त्यांच्या दुकानाच्या जागी टोचलेली लाल टाचणी. डावीकडे मंडळी बसली होती. उजवीकडे बाजारातले दुकानदार. वहिनी दारात उभी राहिली. डावीकडे बसावं तर ती दुकानदार, उजवीकडे बसावं तर ती मंडळीतली. शेवटी ती सगळ्यात मागे, पाण्याच्या पिंपाशेजारच्या बाकावर टेकली. तिथे कुणाचंच राज्य नव्हतं.

आधी हरकती झाल्या. काचवाला उभा राहिला. "माझं म्हणणं एवढंच, की आठवड्यातले सहा दिवस शटर बंद राहणार. बंद शटरापुढे माणूस थांबत नाही, कुत्रं थांबतं. आमचा धंदा बसेल." दुकानदारांत हशा पिकला. काचवाल्याने मागे वळून वहिनीकडे डोळे मिचकावले.

पाळकांनी उत्तर दिलं. रोज सकाळ-संध्याकाळ दार उघडं ठेवू, पुढच्या भागात वाचायची टेबलं मांडू, दिवे लावू, ज्याला बसावंसं वाटेल तो बसेल. "उन्हातून आलेल्या माणसाला पाणी मिळेल," ते म्हणाले, आणि थोडं थांबून प्रामाणिकपणे जोडलं, "पिंपाचा अजून पत्ता नाही." बाईंनी तेही लिहून घेतलं.

"मालक?"

अण्णा उभे राहिले. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि वरचं बटण लावलं होतं, त्यामुळे मान जरा ताठ दिसत होती.

"या जागेचा वापर बदलायला तुमची संमती आहे का?"

अण्णांनी मंडळीकडे पाहिलं. तिथे नणंदेच्या शेजारी तिच्या सासूबाई बसल्या होत्या; जिना चढून आल्या होत्या कशाबशा, अजून धापा टाकत होत्या. अण्णांनी नजर काढून नकाशाकडे नेली. मग त्यांची मान मागे वळली. बाकांवरून, माणसांवरून फिरत त्यांची नजर पिंपापर्यंत आली आणि वहिनीवर येऊन थांबली.

ती नजर तिने रोज पाहिली होती. काटा मध्यावर आलेला असतो, दोन्ही पारडी सारखी असतात, आणि तरी अण्णांचा हात खाली येत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, म्हाताऱ्याचा तराजूवर विश्वास नाही. तसं नव्हतं. काढून घेतलं तर कुणाला तरी कमी पडेल, याची ती भीती होती.

म्हणजे इतके दिवस ते ठरवू शकत नव्हते असं नाही. दिलेला शब्द त्यांना पाळायचा होता आणि तिला रस्त्यावर आणायचं नव्हतं. दोन्ही एकदम होत नव्हतं, म्हणून दोन्हींच्या मध्ये ते एका शब्दाचा टेकू देऊन उभे होते. त्या टेकूखाली ती महिनोन्‌महिने दुकान चालवत होती, आणि त्यांच्यावर चिडतही होती. आणि आता ते स्वतःचा शब्द मोडणार होते. साऱ्या मंडळीसमोर, लेकीच्या सासूसमोर. "नाही" न म्हणता.

"बघू," अण्णा म्हणाले.

डावीकडच्या बाकांवरून एक लांब श्वास ऐकू आला.

"काका," अधिकारी बाई सावकाश म्हणाल्या, "आज 'बघू' म्हटलं तर मला 'नाही' लिहावं लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मग लिहू?"

अण्णा उभेच राहिले. बाईंनी पेन उचललं.

वहिनी उठली. बाक हलका होता, ती उठताच त्याचं दुसरं टोक आपटलं आणि सगळी खोली मागे वळली.

"आपण कोण?" बाईंनी विचारलं.

सून म्हणावं, की मंडळीतली, की दुकानदार, हे तिला पटकन ठरवता येईना. "दुकान मी चालवते," ती म्हणाली.

"हरकत घ्यायची आहे?"

नणंदेने डोळे मिटून घेतले. काचवाला मात्र खुशीत पुढे सरकून बसला. वहिनीने कुणाकडे पाहिलं नाही, फक्त अण्णांकडे पाहिलं. आणि बोलली तेही बाईंशी नाही, त्यांच्याशीच.

"हरकत नाही. सगळी जागा मंडळीला द्या, अण्णा. अर्धी नाही, सगळी. मी समोरचा गाळा घेतेय."

काचवाल्याचा आवाज आला, "अगं, मग मला आधी सांगायचंस तरी! मी इथे हरकत घेऊन बसलो!"

"कुणाच्या नावावर घेणार?" अण्णांनी विचारलं. भर सुनावणीत, जणू दोघं दुकानातच उभी होती.

"माझ्या."

"चालेल तो?"

"चालवेन."

"मला तिथे काय काम?"

"खिळे कोण तोलणार?" ती म्हणाली. "मी एकदाच तोलते. लोक म्हणतील, बाईने फसवलं."

उजवीकडून कुणीतरी हसलं, मग डावीकडूनही. पाळकांनी हसता हसता रुमाल काढून नाक पुसलं. अधिकारी बाईंनी हसू आवरत पेन टेबलावर हलकेच आपटलं. "काका, मला काहीतरी लिहायचंय. संमती आहे का तुमची?"

अण्णा टेबलाकडे वळले. त्यांनी आधी गळ्याजवळचं बटण सोडलं. मग शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आहे. दिली मी जागा."